नाव नसलेल्या आजाराचा इतिहास

आमची नानी दखनीत सांगायची, 'आठ हुए, पाँच रहे.' शेजारच्या पाटीलआजी मराठीत तोच हिशोब सांगायच्या, 'सात झाली, चार राहिली.' त्या पिढीतल्या कोणत्याही बाईला मुले किती असे विचारले की उत्तर असे दोन आकड्यांत मिळे. झालेली आणि राहिलेली. मधल्या तिघांचे काय झाले हे फार खोदून कोणी विचारत नसे. विचारलेच तर 'दात येताना हगवण लागली', 'नजर लागली', 'थंडी बाधली' असे काहीतरी सांगितले जाई आणि विषय तिथेच संपे.

महाराष्ट्रातल्या साथींचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग, त्यावर हाफकिनने तयार केलेली लस, पुण्यातल्या घरझडत्या आणि १८९७ मध्ये झालेली रँडची हत्या हे शाळेच्या पुस्तकात असते. पटकीचा इतिहास यात्रांच्या आणि फौजांच्या इतिहासात सापडतो. देवीच्या रोगाला तर नावातच देव मिळाला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचीही नोंद आहे. या रोगांनी मोठी माणसे मारली, बाजार बंद पाडले, सरकारला हलवले. म्हणून त्यांचे कागद झाले आणि कागद झाले म्हणून इतिहास झाला.

तान्ह्या मुलाच्या हगवणीने मात्र कधी बाजार बंद पडला नाही. ती साथ म्हणून आलीच नाही, कारण ती कधी गेलीच नव्हती. दर वर्षी, दर गावात, दर गल्लीत दोन-तीन मुले जायची. तिला स्वतंत्र नावही नव्हते. ज्या रोगाला नाव नाही त्याला इतिहास कसा असणार? या लेखात आपण त्याच आजाराचा इतिहास पाहणार आहोत. त्याला नाव मिळाले १९७४ साली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर पाच वर्षांनी.

अनाथ विषाणूंचे कुळ

हा आजार ज्या विषाणूमुळे होतो त्याचे नाव रोटाव्हायरस. तो ज्या कुळातला आहे त्या कुळाची ओळख आधी करून घेऊ.

पोलिओची तोंडाने द्यायची लस तयार करणारे अल्बर्ट सेबिन यांनी १९५९ मध्ये काही विषाणूंचा एक वेगळा गट मांडला. हे विषाणू माणसाच्या श्वासमार्गात आणि आतड्यात सापडत, पण त्यांच्यामुळे नेमका कोणता रोग होतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. रोग नाही, म्हणजे वारस नाही. म्हणून त्यांना 'अनाथ' म्हटले गेले. श्वसन, आतडे आणि अनाथ या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून 'रिओ' हे नाव तयार झाले आणि कुळाचे नाव पडले रिओव्हिरिडी. अलीकडे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञांनी या कुळाची दोन कुळांत वाटणी केली आहे, पण जुने नाव अजून सर्रास वापरात आहे.

या कुळाचे वैशिष्ट्य त्याच्या जनुकीय सामग्रीत आहे. आपल्या पेशीतली माहिती दुपदरी डीएनएमध्ये साठवलेली असते आणि तिच्या नकला एकपदरी आरएनएच्या रूपाने बाहेर पडतात. रिओ कुळातल्या विषाणूंचा आरएनए मात्र दुपदरी असतो. निरोगी पेशीत असा लांबलचक दुपदरी आरएनए सहसा आढळत नाही. त्यामुळे तो दिसला की पेशीला कळते, घरात चोर शिरला आहे. ती धोक्याची घंटा वाजवते आणि बचावाची यंत्रणा जागी होते. यावर या विषाणूंनी तोड काढली आहे. ते आपली कवचे पूर्ण उघडतच नाहीत. बाहेरचे कवच टाकतात, आतले तसेच ठेवतात आणि त्या बंद पेटीत बसूनच आपल्या जनुकांच्या एकपदरी नकला काढून बाहेर सोडतात. मूळ पोथी शेवटपर्यंत पेटीतच राहते.

दुसरे वैशिष्ट्य असे की ही पोथी सलग नसते. तिची सुटी पाने असतात. निरनिराळ्या विषाणूंत ती नऊ ते बारा असतात. रोटाव्हायरसमध्ये अकरा. एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस एकाच वेळी शिरले तर पानांची अदलाबदल होऊ शकते आणि नवाच विषाणू तयार होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे दिल्लीतल्या एका घटनेत ती कामी येणार आहे.

या कुळाचा पसारा मोठा आहे. मेंढ्यांना होणारा नीलजिव्हा हा रोग याच कुळातल्या विषाणूमुळे होतो आणि बारीक चिलटांमार्फत पसरतो. मेंढीची जीभ सुजून निळसर पडते म्हणून हे नाव. धनगर आणि पशुवैद्य दोघांनाही तो चांगला ठाऊक आहे. घोड्यांना होणारा आफ्रिकन हॉर्स सिकनेस हाही यांचाच. १९५९ ते १९६१ या काळात तो पश्चिम आशियातून पाकिस्तान आणि भारतापर्यंत आला आणि सुमारे तीन लाख घोडे, खेचरे व गाढवे त्यात गेली. भाताचे रोप खुजे करणारा एक विषाणू आणि रेशमाच्या किड्यांना मारणारा आणखी एक, हेही याच गोतावळ्यातले. मात्र माणसाला सर्वांत महाग पडला तो रोटाव्हायरस.

मेलबर्न आणि बर्मिंगहॅम

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जगातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जुलाबाने आलेल्या लहान मुलांची विष्ठा तपासली तर बहुतेक वेळा काहीच सापडत नसे. पटकीचे जंतू नाहीत, आमांशाचे नाहीत, विषमज्वराचेही नाहीत. मूल मात्र डोळ्यांदेखत सुकत जायचे.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात रूथ बिशप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मुलांच्या रुग्णालयात काम करत होत्या. विष्ठेत काही मिळत नाही, तर आजार जिथे घडतो तिथेच पाहावे, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अस्तराचा कणभर तुकडा घेण्यात आला. जेफ्री डेव्हिडसन, इयन होम्स आणि ब्रायन रक हे या कामातले त्यांचे सोबती. हे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा पेशींच्या आत गोल गोल कण खच्चून भरलेले दिसले. १९७३ साली हे संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला थॉमस फ्लुएट यांनाही आजारी मुलांच्या विष्ठेत तेच कण दिसले. त्यांना ते चाकासारखे वाटले. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर गुळगुळीत धाव. लॅटिन भाषेत चाकाला रोटा म्हणतात. १९७४ मध्ये त्यांनी रोटाव्हायरस हे नाव सुचवले आणि तेच रूढ झाले.

हे चाक जनावरांच्या डॉक्टरांना आधीच भेटले होते. १९६३ मध्ये उंदरांच्या पिलांत आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, हगवण लागलेल्या वासरांत तसेच कण दिसले होते. वासराच्या हगवणीचे कारण माणसाच्या बाळाच्या हगवणीच्या कारणाआधी सापडले. वासरू मेले तर गोठ्याच्या मालकाचे पैसे बुडतात, हे त्याचे एक कारण असावे.

दातांचा काय दोष?

रोटाव्हायरस शरीरात जातो तोंडावाटे. फार थोडे कणही पुरतात, आणि आजारी बाळाच्या एक ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधींनी असतात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी शोषून घेणाऱ्या पक्व पेशी त्यांच्या टोकाला असतात. हा विषाणू नेमक्या त्याच पेशी गाठतो. दोन दिवसांत ताप आणि उलट्या सुरू होतात, मग पाण्यासारखे जुलाब. शोषणारी पेशीच निकामी झाली की प्यायलेले पाणी आत टिकत नाही. शिवाय या विषाणूचे एक प्रथिन विषासारखे काम करून पेशींतले पाणी आणखी बाहेर काढते, हे १९९६ मध्ये लक्षात आले.

आठ किलोच्या बाळाच्या अंगात पाणी ते किती असणार! डोळे खोल जातात, टाळू बसते, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी थांबते. जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे.

हा आजार सर्वांत जोरात होतो तो साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात. दात येतात तेही याच वयात. त्यामुळे 'दातांची हगवण' ही समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली. ती एका अर्थाने निरीक्षणावरच आधारलेली होती. बायकांनी वय अचूक हेरले होते, फक्त आरोपी चुकीचा धरला होता. मात्र या चुकीची किंमत मोठी होती. दात येणे हा रोग नव्हे, ते वाढीचे लक्षण. मग दवाखान्यात कशाला जायचे? त्यातच 'पाणी पाजले की जुलाब वाढतात' हा समज. म्हणजे ज्या गोष्टीअभावी बाळ मरत होते तीच गोष्ट मायेपोटी रोखून धरली जात होती.

आता या आजाराची सर्वांत विचार करायला लावणारी बाब. पटकी आणि विषमज्वर हे घाण पाण्याचे रोग आहेत. नळाला शुद्ध पाणी आले आणि गटारे झाकली की ते ओसरतात. रोटाव्हायरसचे तसे नाही. वॉशिंग्टन असो, मेलबर्न असो की मालेगाव, लस येण्याआधी पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होऊन जात असे. श्रीमंताच्या घरातही आणि गरिबाच्या झोपडीतही. लागण होण्याच्या बाबतीत या विषाणूने कोणताही भेदभाव केला नाही.

भेदभाव मृत्यूत होता. अमेरिकेत लस येण्यापूर्वी दर वर्षी सुमारे ५५ ते ७० हजार मुले या आजाराने रुग्णालयात दाखल होत आणि त्यातली वीस ते साठ दगावत. जगभरात मात्र २००० साली या एका विषाणूने पाच वर्षांखालची सुमारे ५ लाख २८ हजार मुले गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक सारी आशिया आणि आफ्रिकेतली होती. विषाणू तोच, आतडेही तेच. फरक होता तो सलाइनची बाटली किती मैलांवर आहे याचा.

मीठ, गूळ आणि पाणी

या फरकावरचा पहिला उपाय बंगालमध्ये सापडला. तो पटकीसाठी शोधला गेला, पण लाभला सर्व प्रकारच्या जुलाबांना.

१९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचा लेख 'लॅन्सेट'मध्ये लिहिला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी यामागचे कारण मांडले. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरत नाही, जोडी लागते. पुढे ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये रुग्णांवर हे सिद्ध केले.

खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येत होते आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली होती. तिथल्या रुग्णालयात जमिनीवर रुग्ण झोपवलेले आणि सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या, पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टर, सुई किंवा खाट यांपैकी काहीही नसताना आई आपल्या मुलाला वाचवू शकते, हे त्या छावणीत दिसले. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मिळाले ते त्यानंतर, २०२३ साली.

स्वतंत्र बांगलादेशात हा उपाय घराघरांत नेण्याचे काम फजले हसन आबेद यांच्या 'ब्राक' या संस्थेने केले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या दारोदारी गेल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांतल्या आयांना त्यांनी 'लोबोन-गुड'चे पाणी शिकवले. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. वजनकाटा नाही, वाचता येण्याची गरज नाही. कार्यकर्तीचे मानधन तिने किती घरे केली यावर ठरत नसे, शिकवलेले आईला किती आठवते यावर ठरे. सुरुवातीला शिकवूनही फार थोड्या घरांत हे पाणी वापरले जाई. शोध घेतला तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग आधी त्यांना पटवण्यात आले. पुरुषांना बाजारात, शाळेत, मशिदीत गाठून समजावण्यात आले. हे सगळे ज्या देशात झाले त्याला तेव्हा जग भुकेकंगाल म्हणून हिणवत होते. आरोग्याच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

रोटाव्हायरसच्या जुलाबातही हे पाणी चालते, कारण आतड्याच्या सगळ्याच पेशी एकाच वेळी मरत नाहीत. उरलेल्या पेशी साखर-मिठाची जोडी आत घेत राहतात. पण उलट्या थांबत नसतील, बाळ ग्लानीत गेले असेल, तर हे पाणी पुरत नाही. म्हणून लस हवी होती.

एक लस, दोन हिशोब

अमेरिकेत अल्बर्ट कपिकियन यांच्या गटाने पहिली लस तयार केली. माकडाच्या रोटाव्हायरसमध्ये माणसाच्या विषाणूचे एकेक पान घालून ती बनवली होती. 'रोटाशील्ड' या नावाने ऑगस्ट १९९८ मध्ये तिला तिथे परवाना मिळाला. वर्ष होत नाही तोच काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात सरकून अडकल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. असे आतडे वेळीच सोडवले नाही तर जीव जाऊ शकतो. दहा हजार मुलांमागे साधारण एक असे हे प्रमाण निघाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेण्यात आली.

अमेरिकेपुरता हा निर्णय समजण्यासारखा होता. तिथे या आजाराने वर्षाला पन्नासच्या आतबाहेर मुले जात होती. लस मात्र चाळीस लाख मुलांना द्यायची, म्हणजे सुमारे चारशे मुलांवर संकट ओढवण्याची शक्यता. हिशोब जुळत नव्हता.

पण जगाचा हिशोब वेगळा होता. पाच लाखांवर मृत्यू म्हणजे जन्मलेल्या अडीचशे-तीनशे मुलांमागे एक. एका पारड्यात दहा हजारांत एक आजार, दुसऱ्या पारड्यात अडीचशेत एक मृत्यू. मग ही लस भारतात, बांगलादेशात, आफ्रिकेत का देऊ नये, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी विचारला. त्यावर गरीब देशांतून उलट प्रश्न आला. जी लस तुम्ही तुमच्या मुलांना द्यायला तयार नाही ती आमच्या मुलांना द्यायची? लोकांना आम्ही काय सांगायचे?

हा प्रश्न भावनेचा म्हणून उडवून लावता येणार नाही. वसाहतींच्या काळात आपल्या लोकांवर सक्तीने काय काय लादले गेले ते लोकांच्या स्मरणात होते. पुण्याचा प्लेग त्याचा साक्षीदार आहे. सरकारने लोकांना विश्वासात घेतले नाही की चांगला उपायही जुलूम वाटू लागतो. दुसरीकडे, मरणारी मुले आकड्यांतली नव्हती, घरांतली होती. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. पण या वादात अडीचशेतल्या त्या एका मुलाच्या आईला कोणी विचारले नाही. लस बाजूलाच राहिली. पुढच्या दोन लशी यायला आणखी पाच-सात वर्षे गेली. २००४ मध्ये 'रोटारिक्स'ला मेक्सिकोत पहिला परवाना मिळाला आणि २००६ मध्ये अमेरिकेत 'रोटाटेक'ला. दोन्हींची चाचणी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर करावी लागली. दोन्ही महाग होत्या.

दिल्लीतली बाळे आणि एक डॉलर

या गोष्टीतला आपला धागा त्याआधीच सुरू झाला होता. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. तिथल्या नवजात बाळांना रोटाव्हायरसची लागण झाली होती, पण जुलाब काही होत नव्हते. इतकेच नव्हे, पुढे तीव्र आजारापासूनही ती बरीचशी सुरक्षित राहिली. हा विषाणू वेगळा होता. त्याच्या अकरा पानांपैकी दहा माणसाच्या रोटाव्हायरसची होती आणि एक गायीच्या. प्रयोगशाळेत मुद्दाम करावी लागते ती अदलाबदल निसर्गाने आपणहून केली होती. या वाणाला ११६ई असा क्रमांक मिळाला. याच काळात बंगळुरूलाही असाच एक सौम्य वाण सापडला होता, पण पुढच्या कसोट्यांत टिकला तो दिल्लीचा.

त्यापासून लस व्हायला जवळपास तीस वर्षे लागली. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संशोधन संस्था, परदेशी देणगीदार आणि हैदराबादची भारत बायोटेक अशा अनेकांनी त्यात हात लावला. कंपनीने सरकारला एक डॉलर प्रति मात्रा या दराने लस देण्याचे मान्य केले. शेवटच्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली. त्यात ६,७९९ बाळे होती. वढूच्या बायकांनी आपली तान्ही मुले त्यासाठी पुढे केली, हे महाराष्ट्राने विसरू नये. या चाचणीवर टीकाही झाली. बाजारात दुसऱ्या लशी असताना एक तृतीयांश बाळांना नुसते औषधासारखे दिसणारे द्रव का दिले, असा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप नोंदवून ठेवायला हवा, कारण गरिबांच्या मुलांवर होणाऱ्या प्रत्येक चाचणीला हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

निकाल आला तो सुमारे ५४ टक्के. म्हणजे तीव्र आजाराचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक घटले. युरोपात हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. पण महागड्या परदेशी लशीही आशिया-आफ्रिकेत पन्नासच्या आसपासच अडखळल्या होत्या. कुपोषण, आतड्यातले इतर जंतू, आईकडून आलेली प्रतिद्रव्ये अशी अनेक कारणे सांगितली जातात. लस तोंडाने द्यायची असते, त्यामुळे जे पोट नेहमीच आजारी असते तिथे ती पुरती रुजत नाही. गरिबी इथेही आपला वाटा काढून घेते. तरीही जिथे हजारो मुले मरतात तिथे पन्नास टक्के हे जिथे पन्नास मुले मरतात तिथल्या नव्वद टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठे असतात.

'रोटाव्हॅक' मार्च २०१५ मध्ये बाजारात आली. २०१६ मध्ये ओडिशा, हिमाचल, हरियाणा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांतून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात सुरू झाली आणि २०१९ मध्ये देशभर पोहोचली. दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'रोटासील' ही दुसरी लस आणली. उन्हाळ्यातही ती तग धरते. तिची एक चाचणी नायजर या सहारा वाळवंटाच्या कडेच्या देशात झाली, जिथे वीज आणि शीतपेटी दोन्ही दुर्मीळ. तिथे ती सुमारे ६७ टक्के परिणामकारक ठरली. २०१८ मध्ये या दोन्ही भारतीय लशींना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. भान २०२० च्या जानेवारीत वारले, रूथ बिशप २०२२ च्या मे महिन्यात.

हिशोब अजून पुरा नाही

२०१३ साली जगात या विषाणूने गेलेल्या मुलांचा अंदाज सुमारे २ लाख १५ हजार होता. म्हणजे तेरा वर्षांत तो निम्म्याखाली आला होता. पण त्यातली ४७ हजारांच्या आसपास मुले एकट्या भारतातली होती. लस देशभर पोहोचण्याआधीचा हा आकडा आहे. आता सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. तिच्यामुळे सगळे जुलाब थांबत नाहीत, इतर जंतू आहेतच. म्हणून घरात ओआरएसची पुडी हवी, झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस द्याव्यात, अंगावरचे दूध बंद करू नये आणि बाळ सुस्त पडले, पाणी ठरेना, लघवी होईना, तर दातांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

वस्तीत लस देणारी ताई आली की दार लावून घेणारी घरे आजही आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ब्राकच्या कार्यकर्त्यांनी दाखवलेली वाट वेगळी आहे. आधी सांगणाऱ्याला पटले पाहिजे, मग त्याने ओट्यावर बसून, त्या घरच्या भाषेत, न थकता सांगितले पाहिजे. लोकांच्या शंकांना इतिहास असतो. त्यांना उत्तर द्यायचे तर इतिहासासकट द्यावे लागते.

नानीला तिच्या तीन मुलांची नावे शेवटपर्यंत पाठ होती. ती गेली कशाने, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही, कारण तेव्हा ते जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तिची तिन्ही मुले याच विषाणूने गेली असे मी म्हणू शकत नाही. पण तिने तिघांचीही वये सांगितली होती. आठ महिने, अकरा महिने आणि सव्वा वर्ष. तिच्या नातसुनांना कोणी विचारले तर त्या एकच आकडा सांगतात.